यंत्रामागचा स्विच

अध्यक्षस्थानी बसलेले आमचे मालक, मंचावरचे मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे माझा मावसभाऊ आणि तुम्हा सगळ्यांचा दादा, वहिनी, आणि समोर बसलेली मंडळी,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. चार नोकऱ्या सोडून गावोगाव भटकलेला माणूस मी. दोनात थांबणं मला कुठे जमलंय?

दादाचं काम काय? परदेशातली व्हिडिओ टेप आपल्याकडे लावली की रंग जातात, चित्र पडद्यावर वर वर सरकत राहतं. तिकडची पद्धत एनटीएससी, आपली पॅल. तिकडे सेकंदाला तीस चित्रं, इकडे पंचवीस. दादा एकीचं दुसरीत करून देतो. तीन तासांची टेप असेल तर तीन तास बसूनच! एका बंदरात मी तर तिसरीच पद्धत पाहिली होती, तिथला टीव्हीवाला... असो, मालक घड्याळ बघताहेत.

खरं सांगू? याच दुकानात दादाच्या शेजारी काम करताना मी जळायचो. गिऱ्हाईक दारातूनच विचारणार, "दादा नाहीत का?" अहो, मग मी काय टेबलफॅन आहे?

एकदा एक आजी आल्या. परदेशातल्या नातवासाठी त्यांनी गोष्टी सांगून टेप भरली होती. दादा यंत्र लावून जेवायला गेला. मी मागचा स्विच तिकडच्या पद्धतीवरून आपल्या पद्धतीवर फिरवला. एकदा तरी याचं चुकू दे!

महिन्याने आजी परत आलेली टेप घेऊन हजर. "नातवाला माझं तोंडही दिसलं नाही रे. एवढं तुझं नाव ऐकून आले होते!"

दादाने टेप दुकानातल्या टीव्हीवर लावली. आजी स्वच्छ, रंगांसकट! म्हणजे टेप आपल्याच पद्धतीची राहिली होती. तो काय समजायचं ते समजला. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चुकलं माझं, आजी. पुन्हा करून देतो."

अंगाची नुसती आग झाली. लबाडी माझी आणि मोठेपणा पुन्हा यालाच?

मालक, ही तक्रार कानावर आल्यावर तुम्ही दादाच्या कामावर देखरेखीला मला बसवलंत. तिथून त्याचं मन उडालं. आज तो वेळेआधी निवृत्त होऊन चाललाय आणि त्याची खुर्ची मला मिळतेय. वहिनी खालून खुणावताहेत, "भावजी, पुरे." पुरेच करतो.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात कुठे वावगं गेलं असेल तर पोटात घाला. तो स्विच मात्र घालू नका. मालक, हार घालण्याआधी दादाला एकदा विचारा, त्याला खरंच जायचंय का. त्याची माफी मी इथे मागत नाही. चारचौघांत मागितली तर तो लगेच देईल, आणि टाळ्याही पुन्हा त्यालाच पडतील.