आधी एक भजं

आमच्या योगेशचं सांगतो तुम्हाला. गंगापूर रोडच्या कॉम्प्युटर क्लासला आम्ही दोघंही नवखे. मी पायथॉन उघडून एकेक ओळ टाकायचो, उत्तर बघायचो, मगच पुढची. योगेश म्हणायचा, "पोरखेळ आहे हा. अख्खा प्रोग्राम लिहायचा आणि एकदाच चालवायचा."

एकदा सरांनी टोमॅटोच्या क्रेटची बेरीज करणारा प्रोग्राम सांगितला. ज्याचा आधी बरोबर चालेल, तो पालकांसमोर दाखवणार. योगेशने लांबलचक फाईल चालवली. सकाळचे क्रेट बारा, संध्याकाळचे आठ. उत्तर आलं एकशे अठ्ठावीस.

"मशीन बिघडलंय," योगेश म्हणाला.

"नाही रे. त्याने आकडे अक्षरं समजून एकमेकांना चिकटवलेत."

बेरजेची ओळ एकटीच टाकून बघितल्याने मला ते आधीच कळलं होतं. ती दुरुस्त करून मगच मी फाईलमध्ये घेतली होती. माझं उत्तर आलं वीस.

सरांनी विचारलं, "ही पद्धत कुठे शिकलास?"

"देवळाली कॅम्पला, सर. आमच्या भज्यांच्या गाडीवर. पीठ कालवलं की पप्पा आधी एकच भजं तळून मीठ बघतात, मग घाणा सोडतात."

पालकांसमोर मीच दाखवलं. आणि आता कुणी मोठी फाईल चालवायला निघालं, की मागून योगेशच म्हणतो, "थांब, आधी एक भजं सोड."