अठ्ठावीस दिवसांचा ठोकळा

एक्स-रेच्या खोलीबाहेर मोडका पाय लांब करून एक गवंडी बायकोशेजारी बसला होता. बाकावरच्या निवृत्त मास्तरांचं वर्तमानपत्राचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

"हाड जुळलं असेल तर उद्याच्याच गाडीनं साइटवर."

"एवढी घाई?"

"अगं, पक्का झाला का ते काँक्रीटचा ठोकळासुद्धा अठ्ठावीस दिवसांनी दाबून बघतात. मला पन्नास झाले."

"पन्नास दिवस घरात होतात. धाकटी आता तुमच्याशिवाय झोपत नाही."

"मोडेल सवय."

"तिची मोडेल हो."

दार उघडलं.

"छान जुळलंय," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टरसाहेब, यांच्याकडे शंका आली की दुसरा ठोकळा दाबतात. तुम्हीही अजून एक फोटो काढून बघता का?" बायकोनं विचारलं.