बांधावरचा ओक

— नको, नको, म्याडम, नखानं साल खरवडू नका. आत हिरवं हाय का तेच बघायचंय ना? ऱ्हाऊ द्या. आन् उपटून पुण्याला न्यायचं तर नावच काढू नका. बसा हितं, सांगतो. सत्त्याण्णव साली तुमच्याच संशोधन केंद्राचे मोठे साहेब हितं घाटघरला आले व्हते — म्हनले, खाली द्राक्षाची वाईन करत्यात, ती मुरवायला ओकाच्या लाकडाचं पिंप लागतं, लाकूड येतं परदेशातनं. हितली हवा गार हाय, हितं ओक जगतो का बघू. बघा म्हनलं. पण भाताचं खाचर कोन देणार? मी न्हाई दिलं. शेजारी माझा धाकटा भाऊ संपत, त्यानं बी न्हाई दिलं. मग रोप कुठं लावलं? दोघांच्या मधल्या बांधावर. संशोधन तिथंच बोंबललं, पण तवा कुणाला कळतंय.

साहेब म्हनले, पिंपाजोगं लाकूड व्हायला सव्वाशे वर्सं. झालं — त्याच सांजंला संपत माझ्या दारात. "भिमाजी, बुंधा माझा." बुंधा म्हंजे काय, रोप करंगळीएवढं. मी म्हनलं, बुंधा थोरल्याचा, तुला फांद्या. सकाळची सावली त्याच्या खाचरात पडती म्हणून झाड त्याचं, दुपारनंतर माझ्यात पडती म्हणून माझं. सावली केवढी? कोंबडी बसली तर शेपूट उन्हात. मग सरकारी मोजणी आणली. मोजणीवाला म्हनला, झाड बरोब्बर मधी हाय. दोघं बी नाराज.

हसताय तुमी. पण म्याडम, रोप यायच्या लई आधी आईच्या दहाव्याला वाटणीवरनं वाजलं, तवापासनं आमी बोलत नव्हतो. मी दिसलो की तो वाट सोडायचा. आन् आता? सकाळ-सांज येतो, मी झाड तोडतोय का बघायला. मी येतो त्याच्यावर नजर ठेवायला. परवा शिव्या देता देता म्हनला, ह्या झाडापायी हेलपाटं घालून माझा गुडघा गेला. एरवी त्याचा गुडघा मला कोन सांगणार व्हतं? दुसऱ्या दिशी तेलाची बाटली बांधावर ठेवली. म्हनलं, झाडाला आणलीय, हात लावू नको. सांजंला बाटली अर्धी.

वाळलंय — ठावं हाय मला. इतक्या वर्सांत कमरेएवढंच झालं, आन् गेल्या उन्हाळ्यात तेबी गेलं. संपतला ठावं असंल? जल्म शेतात गेला त्याचा, वाळकी काटकी वळखत न्हाई व्हय? तरी काल बी पाणी घातलं त्यानं. मी बी घातलं. दोघं गप. मग तुमीच कशापायी बोलताय? तुमच्या अहवालात लिहा, वाढ मंद हाय. खोटं कुठं हाय? मंदच हाय. सव्वाशेतली लई वर्सं बाकी हायेत अजून —

तो बघा, लंगडत कळशी घेऊन आलाच. तुमी आता एक शबुद काढू नका.

काय रं संपत, बुंध्यापासनं लांब ऱ्हा. या पुण्याच्या म्याडम. झाड झ्याक हाय म्हनत्यात. इचार त्यास्नी... न्हाई, नको इचारू. पाणी ओत.