दोन नाकांवरची फ्रेम

पंचवीस-तीस वर्षं झाली, पण सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या शेजारच्या भास्करभाऊंची ती कासवाच्या पाठीसारखी तपकिरी ठिपक्यांची फ्रेम मला अजून आठवते. चाळिशी लागली तरी फ्रेम हिरोसारखीच हवी, म्हणून त्यांनी चष्मेवाल्या चाचांकडून ती हातानं घडवून घेतली होती. चाचा काडी गरम वाळूत धरून बरोबर कानाच्या वळणाला वाकवायचे. तरी ती आठवड्यात सैल व्हायची. "कामच कच्चं आहे!" म्हणत भाऊ भांडायला निघाले. सोबत कमलवहिनी निघाल्या, मग शेजारचं भांडण बघायला मी कशाला मागे राहते?

चाचांनी फ्रेम निरखली. "भाऊ, काम पक्का है. पर ये दो नाक पे बैठती है."

वहिनींचा चेहरा उतरला. "तुम्ही मिलमध्ये गेलात की मीच घालते. साडीवर टिकल्या लावताना दिसत नाही हो. दुसरा चष्मा कुठल्या तोंडानं मागू?"

मला वाटलं, आता पेटणार. भाऊ म्हणाले, "चाचा, ही हिच्या कानाला बसवा. मला साधी द्या."

"अहो, पुरुषी फ्रेम मला शोभेल का?"

"घाल बघू. मी तुला चष्म्यात अजून पाहिलंय कुठं?"

वहिनींनी घातली. भाऊ बघतच राहिले. जन्मात पहिल्यांदा मी आपणहून दुसरीकडे तोंड फिरवलं.