कार्ड परत गेलं म्हणे!

"शिलाईवालीचं क्रेडिट कार्ड परत गेलं म्हणे, त्या समोरच्या बाईंनी…" आणि लिफ्टचं दार धाडकन बंद! आता सांगा, असं वाक्य अर्धं सोडून कुणी वर जातं का? आमचा वॉचमन गेला, कुरिअरवाल्याला सांगत सांगत गेला, आणि मी इथे कचऱ्याचा डबा धरून उभी! तुम्हाला सांगते, शिलाईवालीच्या समोर एकच दार आहे आणि त्या दारात एकच बाई. मी! मी काय केलं? सातवीपर्यंतच शिकलेय, पण वाक्याला क्रियापद लागतं एवढं मलाही कळतं हो! बरं, मला काय करायचंय म्हणा…

पण चैन पडेल तर शपथ! अहो, त्या कार्डाचा अर्ज माझ्याच जेवणाच्या टेबलावर भरलाय. बिचारी एकटी बाई, पुढच्या खोलीत शिवते, मशीन इतकं जुनं की दर दहा टाक्यांनी दोरा तुटतो. आणि आता कुठे नशीब उघडलं, एका दवाखान्याचे एकशेवीस कोट शिवायला मिळाले! नवं मशीन नको? दुकानदार म्हणतो, "हप्ते कार्डावरच, आणि हा भाव शनिवारपर्यंतच." शनिवार चुकला की मशीन गेलं, मशीन गेलं की कोट गेले. अर्जात 'ओळखीची व्यक्ती' असा रकाना होता, तिथे मी माझं नाव घातलं. तिने विचारायच्या आधीच घातलं. मला काय करायचंय म्हणा, पण रकाना रिकामा बरा दिसतो का?

तेव्हापासून एकोणीस दिवस, तुम्हाला सांगते, एकोणीस दिवस माझा फोन गळ्यात! बँकवाले ओळखीच्या व्यक्तीला फोन करतात म्हणे. आंघोळीला जाताना फोन बादलीशेजारच्या स्टुलावर. कुकरची शिट्टी झाली तरी मी "हॅलो!" आमचे हे पेपरातून डोकंसुद्धा वर न काढता म्हणतात, "कार्ड तिचं आणि कळा तुला!" बोला! शेवटी मीच बँकेला फोन लावला. आतली पोरगी अशी गोड, अशी गोड… "मॅडम, अर्ज प्रक्रियेत आहे." "अगं पण कुठल्या प्रक्रियेत? कणीकसुद्धा एवढी मुरवत नाही कुणी!" तर म्हणते, "आणखी काही मदत करू का?" आणखी? आधी कुठली केलीस गं बाई?

असो. लिफ्ट खाली आली आणि मी वॉचमनला गाठलं. "काय रे, समोरच्या बाईंनी काय?" तर छताकडे बघत म्हणतो, "कोण बाई? मला काही माहीत नाही, ताई." मला! मला म्हणतो माहीत नाही! चिडणारच होते, तेवढ्यात आठवलं, हा तर आमच्या जिन्याचा नियम. कुणी अनोळखी माणूस आला, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात फाइल, आणि कुणाचं नाव विचारलं, तर सगळ्या मजल्यांनी एकच बोलायचं, माहीत नाही. कोण वसुलीवाला, कोण विमा गळ्यात मारणारा, कुणाला कळतंय? नियम केला कुणी? मीच केला! चौदा वर्षांत एकदा मोडला नाही. एकदासुद्धा…

आणि तिथेच मी कचऱ्याचा डबा खाली ठेवला.

गेल्या मंगळवारी आला होता की एक! किडकिडीत, घामाने निथळलेला, गळ्यात पट्टी, हातात फाइल. "समोरच्या बाई इथेच राहतात का?" मी म्हटलं, "कोण बाई? ते घर वर्षानुवर्षं बंद आहे." आणि तिकडे दाराआड तिचं मशीन खडखडखडखड! तो म्हणाला, "मग हा आवाज?" मी म्हटलं, "पाण्याचा पंप." वर त्याला गार पाणीही दिलं, प्यायला बिचारा, आणि तिथेच जिन्यात बसून कागदावर काहीतरी खरडून गेला. अहो, बँक म्हणजे फोन करणार, असं धरून बसलेले मी! बँकेला पाय असतात हे मला कुणी सांगितलं?

गेले मग समोर. ती टाचण्या तोंडात धरून कोट बेतत होती. मी सगळं भडाभडा ओकले. तिने एकेक टाचणी काढली, एकेक! माझा जीव वरखाली. मग म्हणाली, "काकू, कार्ड परत कसं जाईल? अजून मंजूरच कुठे झालंय? वॉचमनने नुसतं त्या माणसाला तुमच्या दारातून कागद घेऊन जाताना पाहिलं. सकाळी बँकेचा फोन आला होता. 'पत्त्यावर आपण राहत नाही, तिथे पंप आहे,' असा शेरा आहे म्हणे. मी दुपारभर भांडले. आता शुक्रवारी परत पाठवतायत त्याला, दहा ते पाचच्या मध्ये कधीही."

"अगं मग मी आहे ना! दारातच खुर्ची टाकून बसते, त्याला हाताला धरून तुझ्याकडे…"

"काकू," ती म्हणाली, अगदी मायेने हो, माझा हात हातात घेऊन, "शुक्रवारी तुम्ही जरा बहिणीकडे जाऊन याल का?"

तर तुम्हाला सांगते, कार्ड परत गेलं ही निव्वळ थाप होती. खरं होतं ते फक्त समोरच्या बाईंचं. तेवढं मात्र शंभर टक्के! निघालेय शुक्रवारी. दहा ते पाच.