चुकीच्या उत्तराला लागलेला दिवा

अध्यक्ष महोदय, मुख्याध्यापक साहेब, काकू, आणि महाड-पोलादपूरहून आलेले तुम्ही सगळे,

मला सभेत बोलायची सवय नाही, म्हणून लिहून आणलं आहे. मी दहावी नापास. वक्त्यांत माझं नाव नव्हतं. सरांच्या पत्नी, आपल्या काकू, म्हणाल्या, "तू बोल. गोड बोलणारे पुष्कळ आहेत."

सकपाळ सर गेल्या आठवड्यात गेले. आम्हाला विज्ञान शिकवायचे. मघाशी इथे म्हटलं गेलं, की शाळेने सरांना कायम साथ दिली. साथ? कोणती साथ?

आठवीत सरांनी आमच्याकडून एक खेळ करून घेतला होता. एक फळी. डावीकडे नद्यांची नावं, उजवीकडे त्या उगम पावतात ती ठिकाणं. प्रत्येक नावापुढे घंटीचं बटण. मध्ये टॉर्चचा बल्ब, मागे सेल आणि तारा. बरोबर जोडीची दोन बटणं एकदम दाबली तरच दिवा लागायचा. आम्ही वाडीवरची पोरं. दिवा लागला नाही की ओरडायचो, "सर, बिघडला हाय!"

सर आमच्याच बोलीत म्हणायचे, "बिघडला नाय रे. तुझं उत्तर बिघडलं हाय. दिव्याला कुणाची भीड नाय."

मग तपासणी आली. अधिकारी साहेबांसमोर दिवा लागला नाही तर शाळेची नाचक्की होईल, म्हणून आदल्या दिवशी शाळेने वायरमन बोलावला. सरांना न विचारता मागच्या सगळ्या तारा एकत्र जोडून टाकल्या. आता कोणतीही दोन बटणं दाबा, दिवा लागणारच.

साहेब आले. पोरांनी बटणं दाबली. दिवा लागला, टाळ्या पडल्या. पुन्हा दिवा, पुन्हा टाळ्या. पण एका पोराने घाबरून चुकीचं बटण दाबलं, तरी दिवा लागला. सरांनी ते पाहिलं. सर पुढे आले आणि म्हणाले, "साहेब, आता तुम्ही मुद्दाम चुकीचं दाबा."

साहेबांनी सावित्रीचा उगम नाशिकला नेला. दिवा लख्ख लागला.

सर एवढंच म्हणाले, "हे माझ्या मुलांनी केलेलं नाही."

त्या एका वाक्याची शिक्षा सरांनी शेवटपर्यंत भोगली. खेळ बनवायचा तास बंद झाला. कोणी शिक्षक रजेवर गेले की त्यांच्या वर्गावर सरांना नुसतं बसवायचं. सरांनी सगळ्या तारा सोडवून पुन्हा बरोबर जोडल्या होत्या, तो खेळ ऑफिसच्या माळ्यावर गेला. सर मागायला गेले की उत्तर ठरलेलं, "बघू." ते बघणं सर असेपर्यंत झालं नाही. गेल्यावर मात्र लगेच झालं.

मघाशी ठराव वाचला. तो खेळ काचेच्या कपाटात ठेवायचा. वर सरांचं नाव. कपाटाला कुलूप, किल्ली ऑफिसात. काचेतून बटण कसं दाबायचं, मुख्याध्यापक साहेब? सरांनी तो शोभेला केला होता का? पोरांनी चुकावं, परत दाबावं, भांडावं, म्हणून केला होता.

मी जास्त बोललो असेन. पण एक मागणं आहे. तो खेळ उद्या आठवीच्या वर्गात द्या. मोडला तर मोडू दे. पोरं दुरुस्त करतील. सरांनी दुसरं काय शिकवलं?

सर, तुम्हाला माझा नमस्कार.

आता सरांसाठी शांत उभं राहायचं आहे. ज्यांना तो खेळ मुलांच्या हातात हवा, त्यांनीच उभं राहावं. ज्यांना कपाटात हवा, त्यांनी बसून राहावं. आज नुसतं दाखवायला कोणी उठू नका.

काकू उठल्या आहेत.