शेंदूर लागलेला दगड

वांगणीतल्या माझ्या माणसांनो, आयाबायांनो, जव्हारहून आलेले आमचे सर,

काय बोलायचं ते जीपमध्ये ठरवलं होतं. इथं देवजीबाबांचा हार घातलेला फोटो बघितला आणि त्यातलं काहीच उरलं नाही. मी थकलेय. अडखळले तर सांभाळून घ्या.

देवजीबाबा माझे शेजारी. माझ्या दगडांच्या अभ्यासासाठी दोन वर्षं माझी पिशवी घेऊन डोंगर चढले. आपल्या काळ्या कातळाच्या मधेच तांबडा थर आहे. तो कुठे उघडा पडलाय, हे माझ्या नकाशात नव्हतं. बाबांना ठाऊक होतं.

त्या थरात वाळूहून बारीक खडे सापडतात. त्यांच्यातल्या युरेनियमचं फार सावकाश शिसं होत जातं. ते शिसं मोजलं की थराचं वय कळतं. हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हंजे दगडाचा जन्मदाखला! माझा तर नाय अजून." आम्ही किती हसलो.

एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. शेंदरातही शिसं असतं.

बाबा दगड फोडण्याआधी त्याला शेंदूर लावायचे. त्याची माफी मागायचे. मी बघत होते. दर वेळी बघत होते. शिकलेली कोण होती? घरातली पहिली पदवीधर कोण होती? मीच ना? प्रयोगशाळेनं त्या दगडांचे नमुने परत पाठवले. बाहेरचं शिसं मिसळलंय, म्हणाले.

आणि मी काय केलं? मोखाड्याच्या बाजारात, जीपपाशी, सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझ्या शेंदरानं माझं वर्ष गेलं. अडाणी तो अडाणीच!" तुमच्यातले कितीतरी तिथे होते. तुम्ही ऐकलंत. म्हणून तुमच्याचसमोर सांगते. चूक माझी होती. बाबांची नव्हती.

आठवड्यानं बाबा दारात. "चल पोरी. या टायमाला लांबून पाया पडीन."

थराजवळ पोचल्यावर त्यांनी ओहोळात हात धुतले. दहा पावलांवर उभे राहिले. हात जोडले. मी विचारलं, "बाबा, एवढं चालेल का?"

"दगडालाच विचार. तुला लय बोलता येतं ना!"

तेव्हाही मी माफी मागितली नाही. निकाल आला की मागू, म्हटलं.

निकाल आला. बाबा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी.

बाबा, वय मिळालं. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. तू विचारायचास ना, "माझ्या आज्याच्या आधीचा का?" हो बाबा. आधीचा.

परत आलेल्यातला एक दगड मी फोटोपाशी ठेवलाय. बाबांचा शेंदूर अजून आहे त्यावर. प्रयोगशाळेच्या तो कामाचा नाही. आपल्या आहे.

चला, उठू या. दहा पावलं मागे जाऊ. हात जोडू. आणि कोणी काही बोलू नका. मी आधीच फार बोलले आहे.